१४ वा पर्सेंटाइल म्हणजे नापास का?

मागच्या महिन्यात एका ज्युनिअरचा मेसेज आला. एमएस्सी झालेली, अमेरिकेत बायोमेडिकल विषयात पीएचडीला प्रवेश मिळालेली मुलगी. ज्या प्रोफेसरांकडे तिला काम करायचं होतं त्यांनी मेलमध्ये प्रांजळपणे लिहिलं होतं, "आमच्या आर०१ ला १४ वा पर्सेंटाइल मिळालाय, त्यामुळे लॅबमध्ये जागा आहे की नाही हे आत्ता सांगता येत नाही." तिचा प्रश्न एका ओळीचा होता. "ताई, १४ म्हणजे नापास का?"

पर्सेंटाइल हा शब्द आपल्याकडे सीईटीने घराघरात पोचवलाय. ९९ आले की पेढे, १४ आले की घरात शांतता. एनआयएचमध्ये हे बरोबर उलटं असतं, जितका लहान आकडा तितकं चांगलं. म्हणजे १४ वा पर्सेंटाइल याचा अर्थ साधारण असा की शंभर अर्जांतले ८६ तुमच्या मागे आहेत. सीईटीत असं झालं तर चांगलं कॉलेज मिळतं. इथे मात्र बरेचदा काहीच मिळत नाही.

तिला मी मेसेजवर उत्तर दिलं, पण ते मलाच अर्धवट वाटलं. म्हणून ही पोस्ट. एनआयएच पैसे कसे वाटते हे आधी सांगते आणि मग त्यात मला काय खटकतं ते.

एनआयएच म्हणजे अमेरिकेची नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ, २७ संस्था आणि केंद्रांचा समूह. कॅन्सरची वेगळी संस्था, हृदय-फुप्फुसं-रक्त यांची वेगळी, मानसिक आरोग्याची वेगळी. वर्षाचं बजेट ४,७०० कोटी डॉलरच्या आसपास, आणि त्यातला ८० टक्क्यांहून जास्त पैसा बाहेर जातो, म्हणजे विद्यापीठं, मेडिकल कॉलेजं, हॉस्पिटलं यांच्याकडे. त्यातली सगळ्यात ओळखीची ग्रँट म्हणजे आर०१. एक प्रमुख संशोधक (यापुढे पीआय म्हणते), एक प्रश्न, चार-पाच वर्षांचे पैसे. लॅब चालते ती यावर.

हे तुम्हाला का कळायला हवं? कारण पहिलं एक-दोन वर्ष डिपार्टमेंट सांभाळून घेतं, पण त्यानंतर तुमचा स्टायपेंड आणि फी बहुतेक वेळा पीआयच्या ग्रँटमधूनच येते. अमेरिकन विद्यार्थ्यांना एनआयएचची एफ३१ नावाची स्वतःची फेलोशिप मागता येते. ती फक्त नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांसाठी आहे. आपण एफ-१ व्हिसावर आलेले लोक तिथे अर्जच करू शकत नाही. पोस्टडॉक झाल्यावरची के९९ सगळ्यांना खुली आहे, पण ती फार पुढची गोष्ट झाली. म्हणजे पीएचडीच्या काळात पीआयचं नशीब तेच आपलं नशीब, आणि आपलं जरा जास्तच.

आता हे नशीब ठरतं कसं ते बघू. पीआय एक पानी उद्दिष्टं आणि १२ पानी संशोधन-आराखडा लिहितो. (आधी २५ पानं असायची. कमी केली हे बरंच झालं.) सेंटर फॉर सायंटिफिक रिव्ह्यू नावाचं कार्यालय बहुतेक अर्ज विषयानुसार एकेका 'स्टडी सेक्शन'कडे पाठवतं. स्टडी सेक्शन म्हणजे वीसेक शास्त्रज्ञांची समिती, जी वर्षातून तीनदा बसते. ही मंडळी एनआयएचची नोकर नसतात. आज तुमचा अर्ज तपासणारा उद्या स्वतः अर्जदार असतो. प्रत्येक अर्ज साधारण तिघं जण नीट वाचतात आणि १ ते ९ मध्ये गुण देतात, १ म्हणजे उत्तम. या पहिल्या गुणांवरून साधारण खालचे निम्मे अर्ज बाजूला पडतात, त्यांच्यावर बैठकीत चर्चाही होत नाही. उरलेल्या प्रत्येकाला पंधराएक मिनिटं मिळतात. तिघं आपापलं मत मांडतात, बाकीचे प्रश्न विचारतात, आणि मग सगळे जण मत देतात. सगळे म्हणजे ज्यांनी तो अर्ज फक्त चाळला आहे तेसुद्धा. या मतांची सरासरी काढून दहाने गुणायची, पूर्णांक करायचा, की झाला 'इम्पॅक्ट स्कोअर': १० ते ९०.

पण एक समिती उदार, दुसरी कडक, असं असतंच. म्हणून तो स्कोअर त्याच समितीच्या या आणि मागच्या दोन फेऱ्यांतल्या स्कोअरशी ताडून पर्सेंटाइल काढतात. मग प्रत्येक संस्था आपल्या बजेटकडे बघून एक रेषा आखायची, तिला म्हणतात पेलाइन. रेषेच्या आत असाल तर बहुधा पैसे मिळायचे, बाहेर असाल तर बहुधा नाही. शेवटी संस्थेचं सल्लागार मंडळ आणि संचालकांची सही. (एनआयजीएमएससारख्या काही संस्था आधीपासूनच अशी रेषा न आखता निर्णय घ्यायच्या. आणि पेलाइनबद्दल मी भूतकाळात का बोलतेय ते पुढे येईल.)

टीका करण्याआधी एक कबूल करायला हवं. या पद्धतीत बऱ्याच गोष्टी मला मनापासून आवडतात. समितीत कोण कोण आहे ती यादी जाहीर असते. आपल्या विद्यापीठातल्या कुणाच्या अर्जावर चर्चा सुरू झाली की त्या सदस्याला बाहेर जावं लागतं. आणि अर्ज मिळो न मिळो, चर्चा होवो न होवो, तिन्ही परीक्षकांचं लेखी मत अर्जदाराच्या हातात पडतं. हे किती मोठं आहे ते आपल्याकडच्या माणसाला लगेच कळेल. माझ्या ओळखीच्या एका पोस्टडॉकला भारतातल्या एका योजनेतून जो नकार आला तो दोन ओळींचा होता, आणि त्यातली एक ओळ शुभेच्छांची होती.

तर खटकतं काय? एक साधं गणित करून बघा. समितीत २० जण आहेत असं धरा. तिघा वाचकांनी दिले २, २ आणि ४. चर्चेत दोन गुण देणाऱ्यांचं म्हणणं पटलं तर बाकीचे बहुतेक २ देतील, काही ३ देतील, स्कोअर येईल २३ च्या आसपास. पण चार देणारा सदस्य जरा ठाम बोलणारा असेल, दुपारच्या जेवणानंतरची वेळ असेल, आणि त्याने "कंट्रोल प्रयोग कुठे आहेत?" असं विचारल्यावर कुणाला पटकन उत्तर सुचलं नसेल, तर त्यातले सहा-सात जण दोनाचे तीन करतात. एवढ्यानेच स्कोअर २६ वर जातो. अर्जातला एकही शब्द बदललेला नसतो. आणि २३ ते २६ हा फरक पर्सेंटाइलमध्ये उतरला की कितीतरी वेळा रेषेच्या आतला अर्ज बाहेर पडतो. वीस माणसांनी पूर्णांकांत दिलेली मतं, त्यांची सरासरी, तिचा गुणाकार, मग तीन फेऱ्यांशी तुलना. या सगळ्यातून जो आकडा बाहेर पडतो तो दिसायला फार नेमका असतो. मोजमापाचा नेमकेपणा मात्र त्यात नसतो. भाजीच्या काट्यावर सोनं तोलायला बसावं आणि सोनाराने मिलिग्रॅममध्ये पावती द्यावी, तसं हे आहे.

ही नुसती माझी तक्रार नाही, यावर अभ्यास झालेत. २०१८ मध्ये विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातल्या पियर आणि सहकाऱ्यांनी पीएनएएसमध्ये एक पेपर छापला. कॅन्सर संस्थेकडे आलेले २५ खरे आर०१ अर्ज, नावं बदललेली, आणि ४३ परीक्षक. खऱ्या स्टडी सेक्शनसारख्या चार समित्या भरवल्या. निकाल असा की एकाच अर्जाला दोन परीक्षकांनी दिलेले गुण एकमेकांशी जितके जुळत होते, तितकेच दोन वेगवेगळ्या अर्जांना दिलेले गुणही जुळत होते. म्हणजे अर्ज कोणता आहे याचा गुणांवर जवळजवळ परिणामच नव्हता. कुणाच्या हातात पडला याचा मात्र होता.

त्याच प्रकल्पातला आधीचा एक निष्कर्ष मला याहून रोचक वाटतो. चर्चा झाली की एका खोलीतल्या लोकांचे गुण एकमेकांच्या जवळ येतात. आपल्याला वाटतं, वा, एकमत झालं. पण वेगवेगळ्या समित्या मात्र चर्चेनंतर एकमेकींपासून आणखी लांब गेल्या. म्हणजे ते एकमत अर्जाबद्दलच्या सत्याकडे जात नव्हतं, त्या-त्या खोलीकडे जात होतं. ज्यांनी आपल्या सोसायटीची मीटिंग पाहिली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

आता याला उत्तर काय दिलं जातं? पियरच्या अभ्यासातले २५ च्या २५ अर्ज पुढे मंजूर झालेले होते. सगळेच चांगले. चांगल्यांतल्या चांगल्यांमध्ये मतभेद होणारच, खरी कसोटी चांगले आणि वाईट वेगळे करण्यात आहे, आणि ते समित्यांना जमतं. हा मुद्दा बरोबर आहे. लि आणि आगा यांनी २०१५ मध्ये सायन्समध्ये १ लाख ३७ हजार मंजूर आर०१ तपासले होते, १९८० ते २००८ मधले, आणि त्यांना दिसलं की स्कोअर जितका चांगला तितके पुढे पेपर, सायटेशन आणि पेटंटही जास्त. पीआयचं आधीचं काम हिशेबात धरूनसुद्धा. समित्या आंधळ्या आहेत असं म्हणणाऱ्यांनी हा पेपर आधी वाचावा.

पण गंमत पुढे आहे. फँग, बोवेन आणि कॅसाडेव्हॉल यांनी तीच माहिती घेतली आणि फक्त २० पर्सेंटाइलच्या आतल्या ग्रँट वेगळ्या काढल्या. २०१६ चा ईलाइफमधला पेपर. अगदी टोकाचे उत्तम स्कोअर सोडले तर त्या पट्ट्यात पर्सेंटाइलवरून पुढची कामगिरी ओळखता येईना. दोन्ही पेपर एकमेकांविरुद्ध आहेत असं लोक मांडतात. मला तसं वाटत नाही. दोन्ही मिळून एकच सांगतात: हा काटा किलोचा फरक दाखवतो, ग्रॅमचा नाही. आणि रेषा आखली जाते ती नेमकी ग्रॅमच्या जागी.

(दोन्ही पेपर 'कामगिरी' म्हणून सायटेशन मोजतात हेही लक्षात ठेवा. जर्नल क्लबमध्ये हे वाचायला घ्याल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा. आणि दुसरा असा: नाकारलेल्या अर्जांचं काय झालं असतं, हे यातल्या कुठल्याच माहितीत नाही.)

त्या दुसऱ्या प्रश्नाच्या थोडं जवळ जाता येईल अशी एक संधी इतिहासाने दिली होती. २००९ मध्ये मंदीवर उतारा म्हणून अमेरिकन सरकारने एनआयएचला अचानक १,०४० कोटी डॉलर दिले. त्यामुळे एरवी रेषेबाहेर राहिले असते असे काही आर०१ मंजूर झाले. हृदय-फुप्फुसांच्या संस्थेतल्या लोकांनी नंतर हिशेब मांडला. या रेषेबाहेरच्या ग्रँटना पैसे कमी मिळाले होते, मुदतही कमी होती. तरी खर्च केलेल्या दर दहा लाख डॉलरमागे सायटेशनचा हिशेब रेषेच्या आतल्यांइतकाच निघाला. हा अभ्यास एकाच संस्थेचा आहे हे खरं. पण रेषेच्या पलीकडे अंधार असतो ही समजूत डळमळायला तो पुरेसा आहे.

मग ही पद्धत इतकी वर्षं चालली कशी? मला वाटतं, ती चालत होती कारण तिच्याकडून फार मागितलं जात नव्हतं. १९४६ मध्ये युद्धकाळातली उरलेली संशोधन-कंत्राटं सांभाळायला ग्रँटचं कार्यालय सुरू झालं, त्यातून ही समित्यांची रचना वाढली. १९९८ ते २००३ या पाच वर्षांत एनआयएचचं बजेट दुप्पट झालं. विद्यापीठांनी नव्या इमारती बांधल्या, माणसं घेतली. मग बजेट सपाट झालं आणि अर्ज मात्र वाढत राहिले. जेव्हा तीन अर्जांतला साधारण एक मंजूर होतो तेव्हा समितीला फक्त चांगलं-वाईट वेगळं करायचं असतं. पाचातला एक निवडायचा तर चांगल्यातून खूप चांगलं काढायचं. कॅन्सर संस्थेची आर०१ ची रेषा २०२४ मध्ये १० व्या पर्सेंटाइलवर होती (नव्या संशोधकांसाठी थोडी सैल). २०२५ मध्ये ती ४ वर आली. एक कारण असं की बऱ्याच नव्या ग्रँटचे सगळ्या वर्षांचे पैसे पहिल्याच वर्षी द्यायचे ठरलं, मग तेवढ्याच पैशात कमी ग्रँट बसल्या. शास्त्र एका वर्षात अडीच पटींनी वाईट झालं नव्हतं. पण ५ व्या पर्सेंटाइलवाल्या माणसाला जे पत्र गेलं त्याची भाषा आणि ५० व्या पर्सेंटाइलवाल्याच्या पत्राची भाषा फारशी वेगळी नसते. तिजोरीचा निर्णय गुणवत्तेच्या निर्णयाचे कपडे घालून येतो. आणि तो वाचणारा माणूस, तुमच्या-माझ्यासारखा, स्वतःला विचारतो की माझ्यात काय कमी आहे.

याचा लॅबमधल्या रोजच्या कामावर परिणाम होतो, आणि मला सगळ्यात जास्त चिंता याची आहे. रेषा जेव्हा ४ किंवा १० वर असते तेव्हा एका परीक्षकाची नाराजी पुरते. म्हणून पीआय लोक जास्त खूश होणाऱ्या परीक्षकासाठी लिहीत नाहीत, कमीत कमी नाराज होणाऱ्यासाठी लिहितात. जेरेमी बर्ग एनआयजीएमएसचे संचालक असताना त्यांनी आकडे काढून दाखवले होते की एकूण स्कोअरशी सगळ्यात जास्त नातं 'अप्रोच' या गुणाचं आहे, म्हणजे कार्यपद्धती. नावीन्य त्याच्या बरंच खाली. यातून काय शिकायचं ते सगळे शिकले: पुरेसे प्राथमिक निकाल दाखवा, धोका दाखवू नका. लॅबमध्ये एक जुना विनोद आहे की आर०१ मागायचं ते गेल्या आर०१ मध्ये करून झालेल्या कामासाठी. नवी पोस्टडॉक हसते. तिसऱ्या वर्षी हसायची थांबते.

इथे कुणीतरी कातालिन कारिकोचं नाव घेणारच. नव्वदच्या दशकात एमआरएनएवरचे त्यांचे अर्ज नाकारले गेले, १९९५ मध्ये विद्यापीठाने पद खाली आणलं, २०२३ मध्ये नोबेल. गोष्ट खरी आहे आणि चटका लावणारी आहे. पण मी ती पुरावा म्हणून वापरत नाही. नाकारलेल्या एका अर्जातून नोबेल निघालं यावरून नाकारण्याची पद्धत चुकीची ठरत नाही. नाकारलेल्या हजारो अर्जांतले बहुतेक कदाचित नाकारण्याजोगेच असतील. आपल्याला गोष्ट आवडते म्हणून आपण ती सांगतो, इतकंच. काट्याबद्दल बोलायचं तर काट्याचे आकडे हवेत.

आणि काटा सगळ्यांसाठी सारखा झुकतो का, तेही बघायला हवं. २०११ मध्ये गिंथर आणि सहकाऱ्यांनी २००० ते २००६ मधले अर्ज तपासले. शिक्षण, अनुभव, प्रकाशनं असं बरंच काही हिशेबात घेऊनही कृष्णवर्णीय अर्जदारांना आर०१ मिळण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा १० टक्के-बिंदूंनी कमी निघाली. आशियाई अर्जदारांच्या बाबतीत, या गोष्टी हिशेबात घेण्याआधीचा फरक ४ टक्के-बिंदूंचा होता. २०१९ मध्ये हॉपी आणि सहकाऱ्यांनी याची उकल करायचा प्रयत्न केला. त्यांना दिसलं की या फरकातला पाचव्या हिश्श्याहून थोडा जास्त भाग विषयाच्या निवडीतून येतो: समाज आणि लोकसमूह पातळीवरचं संशोधन मागणारे कमी यशस्वी होतात, रेणू-पेशींची यंत्रणा उलगडणारे जास्त. हे वाचून मला वाटलं होतं की परीक्षकांना असले विषय आवडत नाहीत. २०२१ च्या एका विश्लेषणाने ते बरंचसं खोडलं. त्या विषयांचे अर्ज ज्या संस्थांकडे जातात त्या संस्थांकडेच पैसे कमी आहेत. म्हणजे समितीत कुणी काही केलंच नाही तरी निकाल तसाच लागणार. मी हे मुद्दाम सांगतेय, कारण सार्वजनिक आरोग्यात काम करायचं म्हणून आपल्याकडून निघणारे बरेच जण आहेत. तुमचा विषय कुठल्या संस्थेच्या दारात जाऊन पडतो हे आधी बघा.

सुधारणा अजिबात झाली नाही असं नाही. जानेवारी २०२५ पासून गुणांची रचना बदलली. आधी पाच बाबींना गुण असायचे, त्यात संशोधक कोण आणि संस्था कोणती यांनाही. आता महत्त्व आणि कार्यपद्धती या दोनच गोष्टींना गुण, आणि माणूस-संस्था पुरेशी आहे की नाही एवढाच शेरा. मोठ्या नावाला फुकटचे गुण मिळू नयेत हा हेतू. चांगला बदल आहे. पण सरासरी तीच, काटा तोच.

माझ्या मते प्रामाणिक उपाय एकच आहे, आणि तो ऐकायला वेडगळ वाटतो: सोडत. फँग आणि कॅसाडेव्हॉल यांनी तो सुचवलेला आहे. समितीने तिला जमतं तेवढंच करावं, म्हणजे अर्ज पात्र आहे की नाही ठरवावं. अगदी उत्कृष्ट दिसणारे थोडे थेट घ्यावेत. मधल्या, ज्यांच्यात फरक करता येत नाही अशांच्या चिठ्ठ्या टाकाव्यात. न्यूझीलंडची आरोग्य संशोधन परिषद एका योजनेत २०१३ पासून असं करतेय. स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय विज्ञान संस्थेने २०२१ पासून रेषेजवळच्या सारख्या अर्जांसाठी ते स्वीकारलं. सरकारी पैसा चिठ्ठ्यांवर, असं कुणी नाक मुरडलं तर म्हाडाकडे बोट दाखवता येईल. तिथेही आधी पात्रता तपासतात, मग सोडत निघते. आणि ज्याला घर लागत नाही तो म्हणतो, नशीब. तो असं म्हणत नाही की माझ्यात काहीतरी कमी आहे.

हे सगळं मी दोन वर्षांपूर्वी लिहिलं असतं तर इथेच थांबले असते. आता थांबता येत नाही. ७ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी एक आदेश काढला: केंद्रीय ग्रँट राजकीय नियुक्तीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या नजरेखालून जाव्यात, तज्ज्ञ समितीची शिफारस हा फक्त सल्ला समजावा, तो आपोआप मान्य करू नये. नोव्हेंबरात एनआयएचने जाहीर केलं की आता संस्था पेलाइन वापरणार नाहीत. समितीचा स्कोअर बघतील, पण त्यासोबत संस्थेची प्राधान्यं, ग्रँटचं देशभरातलं भौगोलिक वाटप वगैरे.

कागदावर यातलं बरंचसं मी वर केलेल्या टीकेसारखंच दिसतं. रेषा खोटी नेमकी होती, मग रेषाच काढून टाकली. मी खूश व्हायला हवं. पण मी नाही. रेषेचा एक गुण होता जो मला तिच्यावर टीका करताना दिसत नव्हता: ती कुणाच्याच ओळखीची नव्हती. १४ व्या पर्सेंटाइलवाल्याला ती जशी नाकारायची तशीच कुठल्याही नामांकिताला. गोंधळ होता, पण तो गोंधळ मोजता येत होता. पियर, गिंथर, फँग यांना पेपर लिहिता आले ते आकडे होते म्हणून. संचालकाने 'प्राधान्य' म्हणून ७ वा सोडून १९ वा घेतला तर कदाचित तो बरोबर असेल, काट्याला ७ आणि १९ मधलं तसंही नीट कळत नाही. पण का घेतला याचा उद्या अभ्यास कसा करणार? काट्यात चूक आहे म्हणून काटा काढून टाकला आणि दुकानदार म्हणाला, हाताने तोलतो, विश्वास ठेवा. त्यात दुकानदाराच्या मागे आणखी एक माणूस उभा आहे, ज्याला भाजीतलं काही कळत नाही पण गिऱ्हाईक कोण आहे ते बघायचंय. समित्यांच्या उणिवांवर आम्ही लोक इतकी वर्षं लिहीत-बोलत आलो त्याचा असा उपयोग होईल, हे माझ्या तरी लक्षात आलं नव्हतं. सोडतीला कुणाचा वशिला लागत नाही, म्हणून मी अजूनही सोडतीच्याच बाजूने आहे.

तर त्या मुलीचा प्रश्न. १४ म्हणजे नापास का? जुन्या पद्धतीत मी म्हटलं असतं, बहुतेक संस्थांमध्ये हो, थोडक्यात हुकलं, सुधारून पुन्हा पाठवतील. (एकदा नाकारल्यावर ३७ महिन्यांच्या आत तोच अर्ज दुरुस्त करून देता येतो.) आता हो किंवा नाही, दोन्ही म्हणता येत नाही. मी तिला तीन गोष्टी करायला सांगितल्या. एनआयएच रिपोर्टर नावाची सार्वजनिक साइट आहे, तिथे पीआयचं नाव टाकून चालू ग्रँट कधी संपतात ते बघ. प्रोफेसरांना विचार की अर्ज कुठल्या संस्थेकडे आहे आणि तिथल्या प्रोग्रॅम ऑफिसरशी बोलणं झालंय का. हा प्रश्न उद्धट नाही, तिकडे विद्यार्थी तो विचारतात. आणि त्याच डिपार्टमेंटमधल्या आणखी दोन लॅबमध्ये रोटेशनची सोय करून ठेव.

तिने रिपोर्टर बघितलं. प्रोफेसरांची दुसरी एक ग्रँट आहे, ती २०२७ च्या मेमध्ये संपते. तिचं दुसरं वर्ष तेव्हा जेमतेम सुरू होत असेल. तिने मेल पाठवलाय, उत्तराची वाट बघतेय.